पानांच्या राजधानीत

गावोगावची ओळख त्या त्या गावच्या एखाद्या जिनसेवरून पटते. बेळगाव म्हटले की कुंदा आठवतो, गोकाक म्हटले की करदंट, आणि सावंतवाडीचे नाव निघाले की लाकडी रंगीत फळांची टोपली डोळ्यांपुढे उभी राहते. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात असे एक गाव आहे की ज्याची ख्याती केवळ पानांवर उभी आहे. तेथे पिकते ते कोणी खात नाही, कोणी नेसत नाही, औषध म्हणूनही घेत नाही. घराच्या कोपऱ्यात ठेवून नुसते पाहावयाचे. त्या गावाचे नाव अपॉप्का. घरात ठेवावयाच्या पानशोभेच्या झाडांची जगातील राजधानी, अशी बिरुदावली ते स्वतःच्या नावापुढे लावते.

गेल्या वर्षी उन्हाळ्याचे काही आठवडे आमचा मुक्काम मध्य फ्लॉरिडात पडला होता. तेथील एका धर्मग्रामाचे गुरू रजेवर गेले असता त्यांच्या जागी मिस्सा अर्पण करण्याचे काम आमच्याकडे आले होते. ऑर्लँडो शहराच्या वायव्येस पाऊण तासाच्या आत मोटारीने अपॉप्कास पोहोचता येते. वाट सपाट, डोंगर म्हणून दिसत नाही. ठिकठिकाणी तळी, तळ्यांच्या काठी शेवाळासारख्या करड्या जटा लोंबविणारे ओक वृक्ष, आणि दुपार कलली की गडगडाटासह कोसळणारा पाऊस. हवा इतकी दमट की डोळे मिटले तर आपण ज्येष्ठातल्या गोव्यात आहोत असे वाटावे. डोळे उघडले की मात्र रस्त्याच्या दोन्ही अंगांस काळ्या जाळीचे मांडव दिसू लागतात. त्या मांडवांखाली, पालखीला लोंबणाऱ्या झुंबरांप्रमाणे, हजारो टांगत्या कुंड्या ओळीने लटकत असतात.

या गावात पानांचा व्यापार कसा रुजला, ही हकिगत मनोरंजक आहे. एके काळी हा सारा मुलूख संत्र्यांचा होता. 1894 चा डिसेंबर आणि 1895 चा फेब्रुवारी या दोन महिन्यांत गोठवणाऱ्या थंडीच्या दोन लाटा आल्या व फ्लॉरिडातील संत्र्यांच्या बागांची राखरांगोळी झाली. योगायोग असा, की त्याच 1894 साली, फ्लॉरिडापासून फार दूर, फिलाडेल्फियाहून बॉस्टनकडे धाडलेल्या नेच्यांच्या रोपांत एक रोप निराळे निघाले. इतरांची पाने ताठ उभी, याची मात्र कमानीसारखी वाकून कुंडीबाहेर झेपावणारी. कोणाच्या तरी नजरेने ते टिपले, वेगळे काढून वाढविले, आणि 'बॉस्टन फर्न' या नावाने ते घरोघर पोहोचले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हाच नेचा अपॉप्कात लावला जाऊ लागला. त्याचा इतका बोलबाला झाला की गावास 'नेच्यांचे नगर' म्हणू लागले. पुढे 1980 नंतरच्या दशकात पुन्हा कडाक्याच्या थंडीचे तडाखे बसले, उरल्यासुरल्या संत्र्यांनी दक्षिणेची वाट धरली, आणि मांडवाखाली जपता येणारी पाने तेवढी येथे टिकून राहिली.

तेथील एका रोपवाटिकेत आम्ही शिरलो तेव्हा सर्वप्रथम जी वेल नजरेस पडली तिला पाहून आम्हांस हसू आले. परदेशात आपल्या गावचा माणूस अवचित भेटावा तसे झाले. ती होती आपली मनी प्लांट! आपल्यापैकी कितीतरी घरांत खिडकीच्या गजाला बांधलेल्या बाटलीत, ओसरीवरच्या डब्यात, नाही तर माडाच्या खोडाला बिलगून ती असतेच. अमेरिकेत तिला 'पोथॉस' म्हणतात. तिचे दुसरे एक इंग्रजी नाव आहे, त्याचा अर्थ 'सैतानाची वेल'. धर्मगुरूने दचकावे असेच हे नाव. पण त्यामागचा भाव एवढाच, की अंधारात ठेवा, पाणी घालावयास विसरा, तरी ही मरता मरत नाही. वनस्पतिशास्त्राच्या दफ्तरी तिचे नाव 'एपिप्रेम्नम ऑरियम'. त्यातील 'ऑरियम' हा शब्द लॅटिन, अर्थ सोनेरी. हिरव्या पानावरचे पिवळे शिंतोडे पाहून हे नाव सुचले असणार हे उघड आहे.

ही वेल मूळची अमेरिकेची नव्हे व आपलीही नव्हे. पॅसिफिक महासागरात ताहितीच्या शेजारी मोओरेया नावाचे एक लहानसे बेट आहे. तिचे माहेर ते. 1880 साली युरोपातील दोघा वनस्पतिज्ञांनी तिला प्रथम शास्त्रीय नाव दिले. परंतु हिचे कूळ कोणते, हा वाद त्यानंतर ऐंशी वर्षांहून अधिक काळ चालला. त्याचे कारण मोठे विलक्षण आहे. वनस्पतीचे कूळ फुलावरून ठरवितात, आणि ही वेल फुलतच नाही. 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एके ठिकाणी तिला फूल आलेले आढळले, तेव्हा कोठे 1964 साली तिच्या आजच्या नावाची निश्चिती झाली. त्यानंतर तिला आपण होऊन फूल आल्याची नोंद नाही. असे का, याचा उलगडा 2016 साली झाला. फुलण्यासाठी वनस्पतीस जिब्बरेलिन नावाचे एक द्रव्य लागते. ते तयार करणारी या वेलीतील एक कळच निकामी आहे. शास्त्रज्ञांनी ते द्रव्य बाहेरून फवारले, आणि वेलीस फुले आली. हे संशोधन मुख्यतः उत्तर कॅरोलिनात झाले. पण त्यात अपॉप्काच्या शास्त्रज्ञांचाही वाटा होता.

आता वाचकांनी क्षणभर विचार करावा. जिला फूल नाही तिला फळ नाही, बी नाही. मग आपल्या ओसरीवरची वेल आली कोठून? शेजारच्या घरच्या वेलीच्या तुकड्यातून. ती कोठून आली? आणखी एका तुकड्यातून. असे मागे मागे गेले तर जगभर पसरलेल्या या वेली म्हणजे कधी काळी बेटावरून उचललेल्या मोजक्या फांद्यांचेच तुकडे ठरतात. वेल एकच, घरे मात्र कोट्यवधी.

मग नवे वाण निघते कसे? आंब्याचे किंवा गुलाबाचे नवे वाण काढावयाचे तर दोन जातींचा संकर करतात. कोय किंवा बी रुजवितात आणि वाट पाहतात. येथे तो मार्ग बंद. येथे एकच आशा असते. एखाद्या फांदीच्या कोंबात, वाढताना, आतल्या आत काही चूकभूल होते, आणि त्या पेरापासून पुढची पाने निराळी निघतात. कधी पिवळ्याऐवजी पांढरे शिंतोडे येतात, कधी पान आखूड होते. माळ्याने ती फांदी ओळखली, कापली, वेगळी लावली, आणि तिच्या तुकड्यांनीही तीच खूण धरली, तर नवे वाण जन्मास आले. ओळखली नाही, तर ती फांदी इतर फांद्यांत हरवून जाते आणि प्रकरण संपते. हिरव्या पानावर संगमरवराप्रमाणे पांढऱ्या रेषा असलेली 'मार्बल क्वीन' नावाची जात आपल्याकडेही पुष्कळांनी पाहिली असेल. पांढरपट्टी जातींपैकी दोन नव्या लेकींची ती आई आहे, आणि त्या दोघींच्या जन्मकथा ऐकण्यासारख्या आहेत.

पहिली लेक अपॉप्काची. फ्लॉरिडा विद्यापीठाचे एक संशोधन केंद्र या गावात आहे. तेथील शास्त्रज्ञांनी असा विचार केला, की कोंबातली चूकभूल आपोआप घडण्याची वाट किती दिवस पाहावी? त्यांनी मार्बल क्वीनच्या फांद्यांवर गॅमा किरण सोडले. असे किरण फार झाले तर कोंब जळतो, कमी झाले तर काहीच होत नाही. मात्रा साधली तर एखाद्या कोंबाचा स्वभाव पालटतो. बहुतेक पालट निरुपयोगी असतात. जे टिकतात त्यांचे तुकडे लावावयाचे, त्या तुकड्यांचे पुन्हा तुकडे, आणि खूण कायम राहते की नाही हे पिढ्यान् पिढ्या तपासावयाचे. अशा निवडीतून जी वेल उरली ती या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस 'पर्ल्स अँड जेड' या नावाने बाजारात आली. नावाचा अर्थ मोती आणि हिरवा जेड खडा. पाने आईच्या पानांहून लहान. कडेने पांढरी, आणि त्या पांढऱ्यावर करड्या-हिरव्या रंगाची बारीक बारीक ठिपक्यांची पखरण. हातात घेऊन पाहिले तर दोन पाने सारखी सापडत नाहीत.

दुसरी लेक आपल्या भारताची, आणि हे ऐकून आम्हांस विशेष कौतुक वाटले. मार्बल क्वीनच्याच रोपांत, भारतातील एका रोपवाटिकेत, या शतकाच्या आरंभी एक निराळी फांदी आढळली. येथे किरण नव्हते, प्रयोगशाळा नव्हती. निसर्गाने जो पालट केला तो एका जाणत्या नजरेने टिपला. हिची पाने लहान, जाडसर. हिरवा आणि पांढरा यांची सीमा कात्रीने कापल्यासारखी स्वच्छ, पांढऱ्यावर ठिपका नाही. 'एन्जॉय' या नावाने ती अमेरिकेत गेली, आणि अपॉप्कासारख्या ठिकाणच्या मांडवांत तिच्या कुंड्या तिच्या बहिणीच्या शेजारी टांगलेल्या दिसतात. पाहणारा नवखा असेल तर दोघींची गल्लत करतो. ठिपके असलेली अपॉप्काची, निष्कलंक ती आपली, एवढी खूण ध्यानात ठेवली की पुरे.

किरणांनी काय केले? पालटाची शक्यता वाढविली, एवढेच. शंभर फांद्यांतून एक निवडावयाची ती माणसाच्या डोळ्यानेच. आपल्या रोपवाटिकेत काय घडले? तेच. दोन्ही ठिकाणी नवे वाण 'घडविले' म्हणण्यापेक्षा 'ओळखले' म्हणणे अधिक खरे. रोज तीच पाने पाहत असताना जो कंटाळत नाही, त्यालाच निराळे पान दिसते.

ओळखणारे थोडे, पण वाढविणारे पुष्कळ. रोपवाटिकेतील कामकरी बायकांकडे पाहत आम्ही बराच वेळ उभे राहिलो. लांब वेल हातात धरावयाची, धारदार कात्रीने तिचे एक पान आणि एक पेर एवढेच तुकडे पाडावयाचे, आणि ते ओल्या मातीत ओळीने खोचावयाचे. बहुतेक जणी मेक्सिकोच्या किंवा मध्य अमेरिकेतल्या, काही हैतीच्या. त्यांतील एका वयस्क बाईस आम्ही दुभाष्यामार्फत विचारले, "बाई, चांगला तुकडा कसा ओळखता?" तिने हातातले काम न थांबविता उत्तर दिले, "पानाकडे बघायचं नाही, फादर. पेराकडे बघायचं. पान गळलं तरी पेर फुटतं. पेर नसेल तर पान कितीही सुंदर असो, कुजतं." आम्ही सेमिनरीत घोकलेल्या लॅटिनच्या आधाराने तिच्या स्पॅनिशमधले चारदोन शब्द आधीच पकडले होते, दुभाष्याने सांगितल्यावर बाकीचे कळले. आपल्या घरी वेल लावणाऱ्यांनी हा धडा लक्षात ठेवावा. नुसते देठासकट पान बाटलीत घातले तर त्यास मुळ्या फुटतील किंवा न फुटतील. पेर नसेल तर वेल काही होणार नाही.

या हातांची कथा त्या मांडवांहून जुनी आहे. गावाशेजारी अपॉप्का याच नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याच्या उत्तर काठची दलदल उपसून काळ्या सुपीक मातीची भाजीची शेते केली गेली. पन्नासएक वर्षे तेथे मजुरांनी राबून भाजी पिकविली. खतांनी आणि कीटकनाशकांनी सरोवर नासले, तेव्हा सरकारने ती जमीन विकत घेतली आणि 1998 साली शेते बंद झाली. त्यानंतरच्या हिवाळ्यात, पुन्हा पाणी सोडलेल्या त्या शेतांवर उतरलेले पाणपक्षी विषबाधेने शेकड्यांनी मेले, आणि त्याचा गाजावाजा देशभर झाला. ज्या मजुरांनी त्याच मातीत आयुष्य घालविले होते त्यांच्या प्रकृतीची विचारपूस मात्र त्या मानाने फार थोडी झाली, असे तेथील लोक अजूनही बोलून दाखवितात. शेते गेली तशी कित्येकांनी या पानांच्या मांडवांत काम धरले.

त्यांची विचारपूस करणारे कोणी नव्हतेच असे नाही. 1971 साली काही धर्मभगिनी या गावात राहावयास आल्या. त्यांनी मठ बांधण्याआधी मजुरांच्या वस्तीत फिरून त्यांस काय हवे ते विचारले, आणि त्या विचारपुशीतून पुढे दवाखाना, पतपेढी आणि मजुरांची स्वतःची संघटना उभी राहिली. एका परीने त्यांनीही पान न पाहता पेर पाहिले, असे म्हणता येईल.

आपल्याकडे अशी समजूत आहे, की मनी प्लांट विकत आणली तर लाभत नाही. दुसऱ्याच्या घरून गुपचूप फांदी आणावी म्हणजे पैसा येतो. अमेरिकेत ही समजूत सांगितली असता रोपवाटिकेचा मालक पोट धरून हसला, पण नंतर म्हणाला, "येथे ते चालावयाचे नाही." तुकड्यांनी वाढविल्या जाणाऱ्या नव्या वाणास पेटंट देणारा कायदा त्या देशात 1930 पासून आहे. ज्याने वाण शोधून नोंदविले, त्याच्या परवानगीवाचून त्याची छाट लावून वाढविता येत नाही. अर्ज केल्यापासून वीस वर्षे हा हक्क चालतो. वर सांगितलेल्या दोन्ही लेकींस असे पेटंट मिळालेले आहे. आपल्या देशात वनस्पतीस पेटंट मिळत नाही. त्याऐवजी 2001 च्या कायद्याने वाण काढणाऱ्याचे हक्क आणि शेतकऱ्याचे हक्क एकत्र राखले आहेत. ज्याने वर्षानुवर्षे डोळ्यांत तेल घालून निराळी फांदी शोधली त्याला मोबदला मिळावा, हे न्यायाचेच आहे. परंतु त्या फांदीची लाखो रोपे करणाऱ्या हातांचे नाव कोणत्याही नोंदवहीत येत नाही, हेही आपण विसरू नये.

त्या पांढऱ्या-हिरव्या पानांविषयी आणखी एक गोष्ट तेथील माळ्यांकडून समजली. पानाचा जो भाग पांढरा असतो त्यात हरितद्रव्य नसते. तो सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करू शकत नाही. त्याचे पोषण शेजारचा हिरवा भाग करतो. बाजारात भाव पांढऱ्याला. घर चालते हिरव्यावर! एखाद्या फांदीस सगळीच पाने पांढरी आली तर ती पाहणारास मोहविते, पण उपाशी राहून वाळते. उलट एखादी फांदी पूर्ण हिरवी निघाली तर ती इतकी जोराने वाढते की थोड्याच दिवसांत पांढरी नक्षी दडपून टाकते. म्हणून माळी दोन्हींवर नजर ठेवतो, आणि दोन्ही रंग असलेल्या पेरापासून नवी रोपे काढतो.

अशी रोपे आता आपल्याकडच्या रोपवाटिकांतही येऊ लागली आहेत, तेव्हा घेणाऱ्यांसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. पांढऱ्या नक्षीच्या वेलीस साध्या मनी प्लांटपेक्षा उजेड अधिक लागतो, परंतु थेट ऊन नको. पूर्वेकडील खिडकी किंवा ओसरीची कड उत्तम. माती बोटाला कोरडी लागली म्हणजेच पाणी घालावे. वेल बाटलीत ठेवली असेल तर दर आठवड्यास पाणी बदलून बाटली आतून घासावी. नाही तर डेंग्यूच्या डासांस आपण स्वतःच घर बांधून दिल्यासारखे होईल. या वेलीच्या रसात बारीक सुईसारखे स्फटिक असतात. पान चावले तर तोंडाची आग होते आणि जीभ सुजते. म्हणून रांगती मुले व दाव्यास बांधलेली वासरे यांच्यापासून ती दूर ठेवावी. हवा शुद्ध होते म्हणून खोलीत दोन कुंड्या ठेवा, असे विक्रेते सांगतात. बंद पेटीत 1989 साली केलेल्या प्रयोगांवरून ही गोष्ट पसरली. परंतु 2019 साली अशा सर्व प्रयोगांचा हिशेब मांडला गेला तेव्हा असे दिसले, की उघड्या खिडकीइतका परिणाम साधावयास चौरस मीटरमागे निदान दहा आणि कदाचित हजार झाडे लागतील. खिडकी उघडावी, हे बरे.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. छाटलेल्या वेली परसामागच्या रानात किंवा ओढ्याकाठी फेकू नयेत. बाटलीत तळहाताएवढे पान देणारी ही वेल झाडावर चढली की हातभर, कधी त्याहूनही मोठी, चिरलेली पाने काढते आणि खालच्या रोपट्यांचा उजेड हिरावून घेते. श्रीलंकेत आणि हवाई बेटांत तिने असेच रान बळकावले आहे. ज्या फ्लॉरिडाने तिचे एवढे लाड केले, तेथील दक्षिणेच्या रानांतही ती शिरली आहे. सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपण तिला घराचा उंबरा ओलांडू देऊ नये. छाट उरली तर ती शेजाऱ्यास द्यावी. पेर तपासून द्यावी, आणि मागितल्यावाचून द्यावी, म्हणजे कोणास ती गुपचूप न्यावी लागणार नाही.